मनोऱ्यावर जागा झाली, मराठीचे काय?

१९८९ सालची गोष्ट आहे. आमच्या बोरगावात तेव्हा मोजक्या घरी टी.व्ही. होता. ज्याच्या घरी होता त्याच्या कवेलूवर एक उंच बांबू असे, बांबूच्या टोकाला अँटेना असे आणि संध्याकाळी एक पोरगा तो बांबू धरून उभा असे. आमच्या घरचा तो पोरगा मी. अकरावीत होतो. आतून बाबा ओरडत, ‘मुंग्याच आहे रे नुसत्या! जरासा नागपूरकडे फिरव!’ मी फिरवी. मग आतून आई म्हणे, ‘आलं, आलं! हलवू नको आता!’

रविवारी सकाळी ‘महाभारत’ असे. तेव्हा बांबूचे तोंड कोणीकडेही असले तरी चाले, कारण दोन्हीकडून येणारे चित्र दिल्लीचेच. प्रश्न संध्याकाळचा असे. आपल्या राज्याच्या बाजूला तोंड केले की हिंदी कार्यक्रम दिसत. नागपूरकडे केले की मुंग्यांच्या आडून मराठी बातम्या आणि ‘आमची माती, आमची माणसं’. बाबा संत्र्याचे बागाईतदार. त्यांना डिंक्या आणि कोळशी या रोगांवरची माहिती हवी असे, कळमन्याच्या बाजाराची खबर हवी असे. म्हणून आमचा बांबू बहुधा दक्षिणेकडे वळलेला असे. वारा सुटला की तो आपोआप फिरे आणि घरात भाषा बदले!

वाचकहो, ही आठवण नुसती गंमत म्हणून सांगत नाही. आपण कोणत्या भाषेत बातमी ऐकायची, हे आपल्या गावाबाहेरचा मनोरा ठरवत होता आणि त्या मनोऱ्यावर एकाच वाहिनीला जागा होती. आज ती अडचण उरलेली नाही. तंत्रज्ञानाने जागा करून दिली आहे. त्या जागेत आपली भाषा कोण बसवणार, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

रेघ आखली, माणसे तीच राहिली

आपला इतिहास नव्या पिढीला ठाऊक असतोच असे नाही. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्याच जिल्ह्यात सौंसर आणि पांढुर्णा हे आपले मराठी टापू. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. बोरगावहून नागपूर साठेक किलोमीटर. भोपाळ त्याच्या कितीतरी पट लांब. लग्नसंबंध, दवाखाना, संत्र्याचा बाजार, सगळे नागपूरकडे. कागदपत्र मात्र भोपाळकडे.

२०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशातील बारा लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा मराठी नोंदवली. एवढ्या लोकांची भाषा हवेतून कशी पोचत होती? १९४८ साली सुरू झालेले नागपूर आकाशवाणी केंद्र मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत बोलत आले. नागपूर ही दुभाषी प्रांताची राजधानी होती, म्हणून एकाच केंद्रावरून दोन भाषा, वेळ वाटून. रेडिओच्या त्या लहरींना १९५६ ची रेघ अडवू शकली नाही.

दूरदर्शनचे तसे झाले नाही. १९८२ नंतर, आणि विशेषतः १९८४ साली, देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे भराभर उभी राहिली. शंभर किंवा पाचशे वॅटचे लहान यंत्र, एक मनोरा आणि पंधरा-वीस किलोमीटरचा परिसर. ही केंद्रे स्वतः काही निर्माण करीत नसत. उपग्रहावरून आलेले चित्र पुढे सोडणे एवढेच त्यांचे काम. एक यंत्र, एक वाहिनी. साहजिकच ज्या राज्यात मनोरा, त्या राज्याची सोय आधी. १५ ऑगस्ट १९९४ ला दूरदर्शनची स्वतंत्र मराठी वाहिनी सुरू झाली, पुढे २००० साली तिचे नाव ‘सह्याद्री’ झाले. पण मध्य प्रदेशातल्या लघुशक्ती मनोऱ्यावर तिला जागा कुठून मिळणार? अधिकाऱ्यांपाशी तयार उत्तर असे की एका यंत्रावर एकच वाहिनी चालते. ते उत्तर त्या काळी खोटे नव्हते.

एक खोली, चार वर्ग

आता काय बदलले ते शाळामास्तराच्या पद्धतीने सांगतो.

जुन्या पद्धतीत एका वाहिनीला सात ते आठ मेगाहर्ट्झ रुंदीची पट्टी पूर्ण लागे. वर्गात साठ मुले आहेत आणि मास्तर रोज साठही नावे पुकारतात, तसे ते प्रक्षेपण. चित्रात काही बदलले असो वा नसो, प्रत्येक क्षणी सगळे चित्र पहिल्यापासून पाठवायचे. डिजिटल पद्धतीत मास्तर हुशार झाले. ते म्हणतात, ‘काल होते ते सगळे आहेत, आज गैरहजर कोण तेवढे सांगा.’ बातम्या देणाऱ्याच्या मागची भिंत हलत नाही, तर ती पुनःपुन्हा कशाला पाठवायची? हलतात ते ओठ आणि हात; तेवढाच बदल पाठवायचा. यामुळे एका वाहिनीचा भार एवढा घटतो की त्याच पट्टीत आणखी वाहिन्या बसतात. त्यांना उपवाहिन्या म्हणतात.

एकशिक्षकी शाळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. एकच खोली, त्यात पहिली ते चौथी. चार रांगा, चार पुस्तके, गुरुजी एक. कोणाला आज जास्त वेळ द्यायचा, कोणाला पाढे लिहायला बसवायचे, हे गुरुजी ठरवतात. डिजिटल मनोऱ्याचेही तसेच चालते. कबड्डीचा सामना असेल तर त्या वाहिनीला जास्त जागा लागते, कारण सगळेच हलत असते. फळ्यापुढे उभे राहून शिकवणारा मास्तर थोडक्यात भागतो. मात्र खोलीत वर्ग फार वाढवले तर कोणाच्याच वाट्याला धड काही येत नाही. चित्राचे चौकोन फुटू लागतात. त्याला मर्यादा आहे. पण ‘एकच’ ही जुनी मर्यादा आता राहिलेली नाही.

इतरांनी या जागेचे काय केले?

अमेरिकेत १९८२ सालापासून लघुशक्ती दूरचित्रवाणी केंद्रांना वेगळी परवानगी मिळू लागली. तिथली मोठी केंद्रे १२ जून २००९ ला पूर्ण डिजिटल झाली आणि लघुशक्ती केंद्रांची जुनी पद्धत १३ जुलै २०२१ ला बंद झाली. आज लॉस एंजेलिससारख्या शहरात अशा लहानशा केंद्रावरून दहा-दहा उपवाहिन्या चालतात. व्हिएतनामी, कोरियन, चिनी, आर्मेनियन, स्पॅनिश अशा भाषांच्या लोकांना घरच्या साध्या अँटेनावर, फुकटात, आपल्या भाषेची वाहिनी दिसते. ही मंडळी तिथली मूळ रहिवासी नव्हेत. पोटासाठी गेलेली आहेत. आपण तर आपल्याच वाडवडिलांच्या मातीत राहतो.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच केंद्रांच्या कितीतरी उपवाहिन्यांवर दिवसभर वस्तूंची विक्री नाही तर जुन्या मालिका चालतात. जागा झाली म्हणजे भाषा आलीच, असे नाही. रिकामी जागा ज्याच्यापाशी माल तयार असतो त्याला मिळते.

आपल्या देशातले उदाहरण यापेक्षा बोलके आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ नावाचा उपग्रह प्रयोग झाला. मध्य प्रदेशासह सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक टी.व्ही. संच बसवले गेले. त्या उपग्रहावर चित्र एक आणि आवाजाचे मार्ग दोन होते. म्हणून एकाच चित्राला एका गावी तेलुगू आणि दुसऱ्या गावी कन्नड आवाज देता येत असे. म्हणजे ‘एका यंत्रावर दोन भाषा’ ही कल्पना या देशाला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे!

त्याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज या खेड्यात एक किलोवॅटचा लहान प्रक्षेपक बसवला गेला. तिथले कार्यक्रम दिल्लीहून येत नसत. आसपासच्या गावांतल्या माणसांनी, चरोतरच्या बोलीत, मजुरी, दारू, शिवाशिव, दूध सोसायटी अशा आपल्याच प्रश्नांवर ते केले. शेतकरी आणि मजूर त्यात स्वतः काम करीत. १९८४ साली त्या प्रयोगाला ग्रामीण संज्ञापनासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि १९८५ साली तो प्रक्षेपक मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी हलवण्याचे ठरले. गावकऱ्यांनी विरोध केला, तरी केंद्र बंद झाले. एक यंत्र इथे ठेवायचे की महानगरात न्यायचे, असा तो हिशेब होता. यंत्रे कमी, वाहिन्या कमी, म्हणून खेड्याचा आवाज गेला. आज तसा हिशेब मांडण्याचे कारण उरलेले नाही.

आपल्या वाट्याला काय आले?

आपल्याकडे डिजिटल प्रक्षेपणाची सुरुवात झाली नाही असे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने दिल्ली, मुंबईसह १६ शहरांत ती जाहीर केली. एकाच प्रक्षेपणात पाच वाहिन्या. मोबाइलला लहानसे डोंगल जोडून त्या पाहायच्या. यादीत भोपाळ, इंदूर, रायपूर आणि औरंगाबाद होते. आपल्याला जवळचे नागपूर नव्हते. छिंदवाड्याचा प्रश्नच नव्हता.

उलट जुनी केंद्रे मात्र बंद होत गेली. ३१ मार्च २०२२ पर्यंत, सामरिकदृष्ट्या महत्त्वाच्या ठिकाणची सुमारे ५० केंद्रे वगळता, देशभरातील जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक थांबवण्याचे प्रसार भारतीने ठरवले. बांबू आणि अँटेनाचे युग संपले. आमच्या घरचा बांबू केव्हाच वाल चढवायला कामी आला!

मग आज काय आहे? ‘फ्री डिश’ आहे. १६ डिसेंबर २००४ ला सुरू झालेली दूरदर्शनची ही छत्रीची सेवा मासिक भाडे घेत नाही आणि तिच्यावर सह्याद्री वाहिनी दिसते. बाबांना जी मराठी वाऱ्याच्या मर्जीने मिळे, ती आज छत्री लावणाऱ्या कोणालाही स्वच्छ दिसते. हे मोठेच काम झाले आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. तक्रारीच्या भरात चांगल्या गोष्टीकडे डोळेझाक करणे शिक्षकाला शोभत नाही.

तरीही काहीतरी राहून गेले आहे. ते मला वर्गात कळले.

‘सर, मग आपण काय बोलतो?’

मी अठ्ठावीस वर्षे मराठी शिकवतो आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी ‘माझे गाव’ या विषयावर बोलायला सांगितले. एक हुशार मुलगी उठली. तिने हिंदीत सुरुवात केली. मी म्हणालो, ‘अगं, मराठीत सांग.’ ती घुटमळली आणि म्हणाली, ‘सर, टी.व्ही.वर बोलते तशी मराठी मला येत नाही. आपण बोलतो ते मराठी आहे का? मग आपण काय बोलतो?’

मी त्या दिवशी पुढचा धडा घेतला नाही. फळ्यावर तिच्याच तोंडचे शब्द लिहीत बसलो: आंबिया बहार, मृग बहार, कवेलू, ढोला, पोळ्याचा तोरण, बंडी. ‘हे सगळे मराठीच आहे, बाळ,’ असे तिला सांगितले. पण वर्गात एक मास्तर सांगतो आणि घरी रोज चार तास पडदा वेगळेच सांगतो, तर पोरीने कोणाचे खरे मानायचे? पडद्यावर मुंबई-पुण्याची मराठी आहे, भोपाळची हिंदी आहे. ती बोलते तशी बोलणारे माणूस तिने पडद्यावर कधी पाहिलेलेच नाही.

आणि आपण पडद्यावर दिसतो तरी केव्हा? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी! पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मध्ये जांब नदीवर गोटमार असते, तेव्हा कॅमेरे धावत येतात. किती डोकी फुटली ते मोजतात, नदीकाठच्या मराठी माणसाला हिंदीत प्रश्न विचारतात आणि संध्याकाळी परत जातात. उरलेले ३६४ दिवस आपण संत्री पिकवतो, शाळा चालवतो, बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात पाळ्या करतो. त्याची बातमी नाही.

कोणी म्हणेल, आता मोबाइल आहे, ज्याने त्याने आपली चित्रफीत करावी. माझे काही विद्यार्थी करतातही, आणि छान करतात. पण बहुतेक हिंदीत करतात. मी कारण विचारले तर उत्तर मिळाले, ‘सर, मराठीत पाहणारे कमी.’ बाजाराच्या हिशेबाने पोरे चुकत नाहीत. म्हणूनच जे काम बाजार करणार नाही ते सार्वजनिक मनोऱ्याने केले पाहिजे. शिवाय प्रक्षेपणाला रिचार्ज लागत नाही, आणि गावातली म्हातारी आणि नातू एकाच वेळी एकच गोष्ट ऐकतात. घराघरात भाषा टिकते ती अशा एकत्र ऐकण्याने.

इथे एक खुलासा करतो. आमच्या समितीचे हिंदीशी भांडण नाही. इथला प्रत्येक मराठी माणूस हिंदी जाणतो, तिच्यात व्यवहार करतो, माझी मुलेही तिच्यातच शिकली. जिथे चार वाहिन्या बसतात तिथे एकीने दुसरीची जागा घेण्याचा प्रश्नच येत नाही.

मागणी आणि तयारी

९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० क आणले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे ते सांगते. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर आपली मागणी अवाजवी ठरत नाही.

पहिली मागणी अशी की यापुढे पांढुर्णा, छिंदवाडा, बैतूल, बालाघाट अशा सीमेलगतच्या जिल्ह्यांत डिजिटल प्रक्षेपक बसेल तेव्हा त्याच्या उपवाहिन्यांत मराठीला एक जागा असावी, आणि तिच्यावर रोज निदान एक तास इथल्याच माणसांनी केलेला कार्यक्रम असावा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसारणाच्या पायाभूत सोयींसाठी २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर प्रक्षेपण पोचवण्याच्या चाचण्याही देशात झाल्या. म्हणजे नवे काहीतरी येत राहणार आहे. ते आल्यावर अर्ज करण्यापेक्षा आधीच नाव नोंदवलेले बरे. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे सरकारच्या बाबतीत तर शंभर टक्के खरे.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. खासगी संस्थेला आपल्या देशात मनोऱ्यावरून टी.व्ही. चालवता येत नाही. पण सामुदायिक रेडिओ चालवता येतो. २००२ साली तो शिक्षणसंस्थांना खुला झाला आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांनाही. शंभर वॅटची शक्ती, दहा-पंधरा किलोमीटरचा परिसर. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागाने केलेले असावेत आणि शक्यतो स्थानिक बोलीत असावेत, असे नियमच सांगतो. आपल्या गावांसाठी यापेक्षा सोयीचा नियम कोणता हवा? परवानगीला वेळ लागतो, पैसा लागतो, पण दोन-चार शिक्षणसंस्था एकत्र आल्या तर हे अशक्य नाही.

तिसरी गोष्ट तर आजच करता येते, आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही. उद्या कोणी अधिकारी म्हणाला, ‘घ्या तुमचा एक तास, दाखवा काय दाखवता,’ तर आपल्यापाशी काय आहे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून प्रत्येक गावाने सुरुवात करावी. बागेत चाळीस वर्षे घालवलेला शेतकरी, जात्यावरच्या ओव्या पाठ असलेली आजी, जुन्या शाळेतले निवृत्त गुरुजी, भजनी मंडळ, कारखान्यात रात्रपाळी करणारा तरुण, यांना त्यांच्याच बोलीत बोलते करावे आणि मोबाइलवर नीट ध्वनिमुद्रित करून ठेवावे. नाव, गाव आणि तारीख सोबत लिहावी. हे काम मराठीच्या शिक्षकांनी वर्गाचा उपक्रम म्हणून घ्यावे. परीक्षेत त्याला गुण नसतील, तरी घ्यावे.

आमच्या शाळेत आम्ही ते सुरू केले आहे. पहिली मुलाखत त्याच मुलीने घेतली. आता ती वरच्या वर्गात आहे. तिने आपल्या आजीला विचारले, ‘आजी, तुमच्या वेळी पोळा कसा राहत होता?’ आजी वीस मिनिटे बोलली. मुलीने एकदाही हिंदी शब्द शोधला नाही. ती फीत माझ्या कपाटात आहे. ज्या दिवशी मनोऱ्यावर जागा मिळेल, त्या दिवशी पहिली तीच द्यायची, असे आम्ही ठरवले आहे. तुमच्या गावच्या कपाटात काय आहे, ते आमच्या समितीला जरूर कळवा.